पडघान साहेबांचा चौकडा

धाडच्या आठवडी बाजारात, वांगीवालीच्या तागडीपुढे, साठी उलटलेला एक माणूस गुडघ्यापर्यंतचा लोकरी घागरा नेसून उभा होता आणि वांगी दाबून पाहत होता. घागरा हिरव्या-निळ्या चौकड्यांचा. मागे दाट चुण्या, पुढे सपाट, आणि पोटाखाली साखळीला लोंबणारी एक केसाळ पिशवी. वर नेहमीचा पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात नेहमीच्या झिजलेल्या सँडल. बाजार थबकला होता असं मी म्हणणार नाही, कारण आमचा बाजार कशासाठीच थांबत नाही. पण भाव पुकारणाऱ्यांचे आवाज एक पट्टी खाली आले होते एवढं खरं.

"साहेब, अन् हे पोटाशी बकरीचं पिल्लू धरलं काय?" वांगीवालीने विचारलं.

"तंबाखूची पिशवी हाय. तू वांगे मोज. अन् पुढच्या बारीले दोन झाडांत अंतर वाढव. हवा लागत नाही तुझ्या वांग्याले."

"वांग्याचं राहू द्या. तुमाले लागून राह्यली का हवा?"

"भरपूर," पडघान साहेब म्हणाले आणि वांगी घेऊन चालू पडले. सुटे पैसे परत घ्यायलाही थांबले नाहीत. ते मागून मी घेतले.

भास्करराव पडघान हे आमच्या समोरच्या घरात राहायचे. कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले, म्हणून गावाला साहेब. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. डॉक्टरांनी त्यांना सक्तीचा आराम सांगितला होता आणि त्या आरामानेच ते गेले, असं धाडमधल्या जाणत्या लोकांचं मत आहे. मी त्या मताचा आहे. कारण साहेब बसलेले मी माझ्या उभ्या आयुष्यात एकदाच पाहिले, आणि ती हकीकत पुढे येईल.

चहा ते उभ्याने प्यायचे, तोही अर्धा. उरलेला अर्धा दुसऱ्या कोणाच्या तरी घरी. सकाळच्या एका फेरीत तीन घरी दीड कप, असा हिशेब असे. दाढी करतानासुद्धा ते अंगणात येरझाऱ्या घालत, त्यामुळे आरसा तुळईला टांगलेला असे आणि साहेब दर फेरीला त्याच्यासमोरून जाताना गालावरून एक हात फिरवून पुढे जात. काही सांगायचं असलं की म्हणायचे, "चाल मास्तर, चालता चालता सांगतो." मी बुलढाण्याच्या एका शाळेत मास्तर. रोज एसटीने जाऊन-येऊन. साहेबही कामाला म्हणून अनेकदा त्याच बसमध्ये असत, आणि जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभे. कंडक्टरने आग्रह केलाच तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "बसलेल्या मानसाले बोंडअळी लागते बाबू."

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तालुक्यातला एकेक धुरा, म्हणजे शेताचा बांध, पायाखाली घातला होता. शेतकऱ्याच्या वावरात शिरले की आधी राम राम, जय भीम, मग लगेच वाकून दोन ओळींमधलं अंतर. आमच्याकडे पेरलेल्या ओळीला तास म्हणतात. साहेबांना वाकडा तास सहन होत नसे. कोणाचा तास जरा सरकलेला दिसला की ते धुऱ्यावरून ओरडत, "हा काय तास हाय का सापाची चाल? माह्या बापाचा तास पाहाले लोक यायचे बे." त्या बापाचा तास कोणीच पाहिलेला नव्हता. पण साहेबांचा आवाज असा होता, की ऐकणारा मान खाली घालायचा.

आता तो घागरा.

साहेबांची एकुलती एक मुलगी वैशाली शिकायला म्हणून स्कॉटलंडला गेली आणि तिथल्याच रॉस नावाच्या उंच, लाजाळू मुलाच्या प्रेमात पडली. लग्न बुलढाण्याला, भर एप्रिलात. नवरदेवाकडून पाच माणसं आली आणि त्यातले तीन पुरुष हेच चौकड्याचे घागरे घालून मंगल कार्यालयाच्या पायऱ्या चढले. त्याला किल्ट म्हणतात, हे वैशालीने सगळ्यांना समजावून सांगितलं. तरी बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आलाच, "नवरदेवाकडच्या पॅन्टा इस्त्रीवाल्याकडंच राह्यल्या वाटते."

त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली, आणि मग व्याहीभेट. साहेबांनी व्याह्यांना, म्हणजे रॉसचे वडील जेम्स यांना, रीतीप्रमाणे टॉवेल, टोपी आणि सफारीचं कापड दिलं. जेम्सरावांनी टोपी लगेच डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि अर्ध्या मिनिटात ते आमच्यातले झाले. मग त्यांनी एक खोका उघडून साहेबांच्या हातात किल्ट ठेवला. स्वतःच्या अंगावर होता त्याच चौकड्याचा.

आमच्याकडे आहेर नुसता घेऊन पिशवीत टाकायचा नसतो. तिथल्या तिथे अंगाला लावावा लागतो, नाहीतर देणाऱ्याचा अपमान. शर्टावर शर्ट चढवायचा, फोटो काढायचा, उतरवायचा, संपलं. त्यामुळे मागून म्हातारे पुरुष एका सुरात म्हणाले, "लावा साहेब, अंगाले लावा." साहेबांनी पॅन्टवरूनच किल्ट गुंडाळला. जेम्सराव हसले आणि वैशालीच्या कानात काही बोलले.

"बाबा, ते म्हणतात पॅन्टवरून नसतं घालत."

साहेबांनी एकदा व्याह्यांकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि ते बाजूच्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा पॅन्ट नव्हती. शंभर मोबाइल वर झाले. कमलकाकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, पदर तोंडाला लावला. तो हसायला की लपायला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. साहेब मात्र मंडपात एक मोठी चक्कर मारून आले, मग दुसरी, मग तिसरी. तिसऱ्या चकरेला ते माझ्यापाशी थांबले, म्हणजे जागच्या जागी पाय हलवत राहिले.

"मास्तर, साठ वर्सं पायाले उगाच बांधून ठेवलं राजा."

तो आहेर पुन्हा अंगावरून उतरलाच नाही. घरी, बाजारात, धुऱ्यावर, गिरणीत. आत पट्ट्यापट्ट्याची चड्डी असायची, हे सगळ्या धाडला माहीत होतं, कारण बुलढाण्याच्या पठारावरच्या वाऱ्याने ते एकदा बसस्टँडवर जाहीर केलं होतं. उन्हाळ्यात लोकर टोचायची, तर साहेब म्हणत, "टोचलं की मानूस चालते." कमलकाकू एवढंच म्हणाल्या, "आहेर अंगाले लावाचा असते, जलमभर नेसाचा नसते."

पण खरी गोष्ट चौकड्याची आहे. त्या लग्नाच्या जेवणात साहेब स्वतः वाढत होते. बसून जेवणं त्यांना शक्यच नव्हतं. ते बुंदी घेऊन जेम्सरावांपाशी आले, तेव्हा जेम्सरावांनी किल्टवर बोट ठेवून काही सांगितलं. वैशालीने भाषांतर केलं.

"बाबा, ते म्हणतात हा त्यांच्या घराण्याचा चौकडा आहे. तिकडे प्रत्येक घराण्याचा वेगळा असतो, रंग वेगळे, रेघा वेगळ्या. कापड पाहून ओळखतात माणूस कोणाचा ते. ते विचारतात, आपल्या घराण्याचा कोणता?"

मी शेजारच्याच पाटावर होतो. साहेबांच्या हातातला बुंदीचा डाव हवेत थांबला. तो माणूस थांबलेला असा क्वचित दिसायचा, म्हणून मी नीट पाहिलं.

"हाय," साहेब म्हणाले.

"काय आहे बाबा?"

"हाय म्हटलं ना. सांग त्यायले. पाठवतो म्हना." आणि व्याह्यांच्या ताटात त्यांनी एवढी बुंदी ओतली की पुढचा प्रश्न विचारायला त्यांचं तोंडच मोकळं राहिलं नाही.

पुढे वर्षभराने वैशालीला दिवस गेले आणि फोन आला. रॉसची आई बाळासाठी पांघरूण शिवणार होती. अर्धं त्यांच्या चौकड्याचं, अर्धं आपल्या. बाळ यायला चार महिने होते. तेव्हा कापड पाठवून द्यावं.

साहेब संध्याकाळी माझ्या अंगणात आले आणि माझ्या खुर्चीभोवती फिरू लागले.

"साहेब, खोटं बोललात तेव्हाच मला वाटलं होतं," मी म्हणालो. "बुलढाण्याला चला, टेबलावर टाकायच्या कापडातला एक बरा चौकडा कापू. स्कॉटलंडात कोणाला कळणार आहे?"

"मले कळन," साहेब म्हणाले. मग आणखी दोन फेऱ्या घातल्या. "मास्तर, पाटलाच्या घरी भाट येते. वही काढते, चौदा पिढ्या वाचते. माह्या घरी कोन येते? माह्या बापाचं नाव पहिल्यांदा कागदावर कवा आलं माहीत हाय का? मले शाळेत घातलं तवा. माह्या नावाच्या मागं. आता त्या लेकराच्या अंगावर अर्ध्यात त्यायचं घरानं, अन् अर्ध्यात काय? टेबलावरचं फडकं?"

मी त्यानंतर बुलढाण्याच्या कापडाचं नाव काढलं नाही.

साहेबांचे वडील भिकाजी पडघान सालगडी होते. सालभराच्या बोलीवर दुसऱ्याच्या वावरात राबणारे. त्यांच्या मागे घरात राहिलं काय, तर एक विळा आणि सरकारी कागदावरून मोठा करून घेतलेला एक फोटो, ज्यात त्यांच्या कपाळावर शिक्क्याचा अर्धा गोल आहे. साहेबांनी या दोन वस्तूंमधून चौकडा काढायचं ठरवलं. रंगीत पेन्सिली आणल्या, चौकटीच्या वह्या आणल्या आणि चालता चालता रेघा मारू लागले. गावभर सल्ले सुरू झाले.

पुतण्या म्हणाला, "काका, निळा घ्या. विषय खतम."

"निळा सगळ्यायचा हाय. तो एकट्या पडघानाचा कसा करू?"

कमलकाकू चुलीपुढून म्हणाल्या, "पडघान, पडघान. पोरगी काय एकट्या पडघानाच्या पोटची हाय? माह्या बापाच्या घरी काही नव्हतं काय?"

"काय होतं?"

"मिरची होती. सारं अंगन लाल राह्यचं."

साहेबांनी वहीच्या कडेला मुकाट एक लाल रेघ मारली. तेवढी एक रेघ पुढे कधीच बदलली नाही. बाकी सगळं रोज खोडलं जाई.

आणि मग एका सकाळी, आरशापुढून जाताना, अर्ध्या गालाला साबण असताना त्यांना सापडलं. तसेच साबणासकट ते माझ्याकडे आले.

"वावर, मास्तर. वावरच चौकडा हाय."

जुन्या काळी आमच्याकडे कापूस चौफुलीवर लावत. आधी उभ्या रेघा ओढायच्या, मग आडव्या, आणि दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे सरकी टोबायची. बैलामागे पुरुष रेघा ओढत जायचे आणि फुलीवर सरकी ठेवत बाया यायच्या. रेघ भिकाजींची, सरकी साहेबांच्या आईची. मध्ये मध्ये तुरीचा एखादा तास. काळ्या मातीवर पांढऱ्या कापसाच्या रेघा, मग एक पिवळी तुरीची. उभ्या तशाच आडव्या. साहेबांनी ते काढून दाखवलं तेव्हा माझ्यासारख्या टवाळ माणसानेही वही हातात घेऊन दोनदा पाहिली. तो खरोखरच चौकडा होता, आणि व्याह्यांच्या चौकड्याइतकाच रुबाबदार.

"आठ तास पांढरे, नववा पिवळा," साहेब म्हणाले. आणि तिथेच अडकले.

कारण आठ हा आकडा त्यांनी तीस वर्षं शेतकऱ्यांना सांगितला होता. आठ तास कपाशी, एक तास तूर. खात्याच्या प्रशिक्षणात सांगितलेलं, पत्रकात छापलेलं. आता त्यांना आठवेना, की हा आठ लहानपणी बापामागे धावताना मोजलेला आहे, की खात्याच्या पत्रकातून डोक्यात बसलेला.

"आठ माह्या बापाचे की सरकारचे, हे मले समजून नाही राह्यलं," ते म्हणाले. "सरकारचे असले तं मंग टेबलावरचं फडकंच बरं."

त्या वावरात आता सोयाबीन होतं. मालक मुंबईत फ्लॅट घेऊन बसलेला. त्या काळचं माणूस एकच उरलं होतं, सरूबाई. साहेबांच्या आईबरोबर सरकी टोबणारी. ती लेकाकडे दुसरबीडला राहायची. साहेबांनी मला रविवारी सकाळी उठवलं. चिखलीला बस बदलून आम्ही निघालो. दोन्ही बस रिकाम्या, साहेब दोन्हींत उभे. दुसरी बस एका गावात चहासाठी थांबली तर साहेब उतरून रस्त्याने पुढे चालू लागले आणि आम्ही त्यांना दीड किलोमीटरवर उचललं.

सरूबाई ओट्यावर बसून डाळ निवडत होती. नजर जवळजवळ गेलेली, पण खडा बोटाला बरोबर लागत होता. साहेबांनी वाकून ओळख सांगितली.

"भिकाजीचा भास्कर काय? अन् हे काय नेसला रे? लुगडं आटलं काय?"

"व्याह्यानं देल्लं मावशी."

"बरं हाय. पाय मोकळे राह्यते. तुह्या मायचं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं राह्यचं, असंच दिसायची." तिने डाळ बाजूला केली. "काऊन आला?"

साहेब ओट्यापुढे येरझाऱ्या घालत होते. "मावशी, बाप कपाशीत तूर टाकायचा. किती तास सोडून?"

"आठ."

"पक्कं?"

"मंग काय? तुहा बाप बोलत नव्हता, मोजत होता. तुही माय अन् मी मागं. आठ झाले की तुरीची ओटी सोडाची. माह्या हातून एकदा सातावर सोडल्या गेली तं दोन दिवस बोलला नाही. तसाबी बोलत नव्हता म्हना."

साहेबांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हे नाचतात. "ऐकलं काय मास्तर? बापाचे हायेत. अन् तास कसा, सूत धरल्यावानी. लोक पाहाले यायचे."

"हाव, यायचे," सरूबाई म्हणाली. "वाकडा पाहाले यायचे."

साहेब चालता चालता थांबले.

"कोनता वाकडा?"

"तुले माहीत नाही काय? तुह्या मायनं सांगतलं नाही? तू रांगता होता. बाभळीखाली धडुत्यावर ठेवलं तुले. आम्ही टोबून राह्यलो, तुहा बाप रेघ ओढून राह्यला. अन् तू एका जागी बसशील तं तू भिकाजीचा पोरगा कशाचा. रांगत रांगत आला अन् बैलापुढंच. बापानं असा कासरा ओढला की बैल आडवे झाले. रेघ गेली तिकडं." तिने हाताने हवेत एक वळण काढलं. "मालक धुऱ्यावर उभा. म्हने, भिक्या, हे काय केलं? तं बाप म्हने, बैल बुजला मालक. तुहं नाव घेतलं नाही. रेघ मोडून पुन्ना ओढायले मालकानं सांगतलं, तं हा म्हने, राहू द्या. मंग पीक वर आलं तसं साऱ्यायले दिसे. रस्त्यानं जानारा मानूस थांबून पाहे. सारं वावर सूत, अन् मधी एकच तास वाकडा. तुही माय निंदाले गेली की तुले कडेवर घेऊन तिथं उभी राहे, अन् म्हने, हा पाह्य, हा तुहा तास."

आणि साहेब बसले.

ओट्याच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, चुण्या सावरायचंही भान न राहता. मी घड्याळ पाहिलं, कारण मला हे कोणालातरी सांगायचं होतं आणि पुराव्याशिवाय कोणी विश्वास ठेवला नसता. अकरा मिनिटं. सरूबाई डाळ निवडत होती. साहेब समोरच्या भिंतीकडे पाहत होते. तीस वर्षं ज्या माणसाने तालुक्यातल्या प्रत्येक वाकड्या तासावर तोंड टाकलं, तो अकरा मिनिटं एक शब्द बोलला नाही. बाराव्या मिनिटाला उठले, सरूबाईच्या पायांना हात लावला आणि रस्त्याला लागले. परतीच्या बसमध्ये पुन्हा उभे.

कापड विणायला त्यांनी खामगावच्या पुढच्या एका गावातला हातमागवाला गाठला. रहीमभाई. आयुष्यभर सतरंज्या विणलेला म्हातारा. त्याने पहिला नमुना असा जाड विणला, की साहेबांनी तो कमरेला गुंडाळून सोडला तरी तो आपापला उभा राहिला. काकू म्हणाल्या, "याच्यावर पाहुने बसवा." दुसऱ्या खेपेला बारीक सूत लावलं. लोकर नाही, सूतच. "त्यायच्याकडं मेंढ्या हायेत, आपल्याकडं कापूस," साहेब म्हणाले. काळी जमीन, आठ पांढरे, नववा पिवळा, कडेला काकूंची मिरची. रहीमभाईला सगळं पटलं. मग साहेबांनी खिशातून दुसरा कागद काढला.

"मागावर वाकडी रेघ निघत नाही. म्हनून एका जागी पिवळा सातावर टाकाचा. उभ्यात एकदा. बस."

रहीमभाईने कागद लांब धरला, जवळ धरला. "साब, ये तो ऐब हुआ."

"हाव. ऐबच पाहिजे."

"लोग बोलेंगे रहीम को गिनती नहीं आती. पचास साल में मैंने ऐब नहीं डाला. मैं नहीं डालूँगा."

साहेब मागाभोवती फिरत राहिले. समजावलं, विनवलं, चिडले. रहीमभाई मान हलवत राहिला. इतका वेळ दारात उभ्या असलेल्या कमलकाकू मग आत आल्या आणि मागापुढच्या पाटावर बसल्या.

"चाचा, हा मानूस रांगत असताना बैलापुढं गेला होता," त्या म्हणाल्या, आणि सगळी गोष्ट त्यांनी अशी सांगितली, जणू त्या तिथे धुऱ्यावर होत्या. शेवटी म्हणाल्या, "बापानं सरळ रेघ मोडली म्हनून मले नवरा भेटला. आता तुमी सांगा, ऐब कोनता?"

रहीमभाईने सूत हातात घेतलं. मग त्याने पिवळा धागा सातव्या पांढऱ्यानंतर ओढून घेतला, आणि वर बोट करून म्हणाला, "गिनती मेरी सही है, ऊपरवाला देख रहा है."

कापड वेळेत पोचलं. बाळाच्या आधी आठ दिवस. आणि मग तो फोन आला ज्याची साहेबांना तहानही होती आणि भीतीही. व्हिडिओ कॉल. मी मुद्दाम हजर होतो. एका खिडकीत वैशाली आणि दुसरीत जेम्सराव, हातात आमचा चौकडा. त्यांनी तो उजेडाला धरला, एका जागी बोट ठेवलं आणि काही विचारलं. वैशाली अडखळली.

"बाबा, ते विचारतात... एक धागा चुकलाय का?"

साहेबांनी फोन काकूंच्या हातून घेतला आणि चालू लागले. त्यामुळे स्कॉटलंडला साहेबांचं तोंड, आमचं छप्पर, आरसा, कोंबडी, पुन्हा साहेबांचं तोंड असं दिसलं असणार. अंगणाच्या सात-आठ फेऱ्यांत त्यांनी सगळं सांगितलं. सालगडी म्हणजे काय, चौफुली म्हणजे काय, बाभूळ, बैल, मालक. काही लपवलं नाही. वैशाली सांगता सांगता मध्येच थांबली, कारण तिलाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

जेम्सरावांनी कापड खाली ठेवलं. मग हळू आवाजात काही बोलले आणि वैशाली हसू लागली, डोळे पुसत हसू लागली.

"बाबा, ते म्हणतात त्यांना एक सांगायचंय. त्यांचा चौकडा त्यांच्या आजोबांनी दुकानातून निवडला होता. आजीला हिरवा आवडायचा, आणि दुकानात तेवढा एकच हिरवा शिल्लक होता."

साहेब जागच्या जागी थबकले. मग त्यांनी फोनमधून माझ्याकडे, म्हणजे फोनवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते शब्दांत फक्त त्यांनाच सांगता आलं.

"मास्तर," ते म्हणाले, "त्यायचा दुकानातला निघाला. आपला वावरातला."

त्याच चौकड्याचं कापड रहीमभाईने पुढे त्यांना किल्टपुरतं विणून दिलं, आणि धाडच्या शिंप्याने चुण्या घालून शिवलं. सातावरचा पिवळा त्यात बरोबर डाव्या मांडीवर यायचा. रस्त्यात कोणी भेटलं की साहेब मांडी पुढे करून दाखवत, "हा पाह्य, हा माहा तास." गंमत अशी, की वाकड्या तासावरून ओरडणं मात्र त्यांनी सोडलं नाही. फक्त ओरडून झाल्यावर आता विचारायचे, "काऊन वाकला? काही मधी आलं होतं काय?" आणि उत्तर ऐकायला थांबायचे. म्हणजे पाय हलवत.

मग छातीत दुखलं, बुलढाण्याला नेलं, आणि डॉक्टरांनी आराम सांगितला. काकूंनी सँडल लपवल्या. खाटेवर पडलेले साहेब मला पाहवेनात. त्यांनाही मी पाहवत नसे. मी चालत आलेला असे.

साहेब जाण्याच्या थोडं आधी, एका सकाळी मी नेहमीच्या एसटीत होतो. धाड मागे पडलं, आणि रस्त्याच्या कडेला साहेब दिसले. अनवाणी. चौकड्याचा किल्ट, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ असते ना, तिच्यावरून पाय टाकत, अगदी सुतात चालले होते. कंडक्टर ओळखीचा. त्याने घंटी मारून बस थांबवली.

"साहेब, या. जागा हाय."

"जागा हाय म्हनूनच नको," साहेब म्हणाले. "जा तुमी. मी येतोच मांगून."

"काकूंना माहीत आहे का?" मी खिडकीतून ओरडलो.

"तू बोलू नको म्हंजे झालं."

बस निघाली. मी मागच्या काचेतून पाहत राहिलो. साहेब पांढऱ्या रेघेवरून येत होते, नाकासमोर. पुढे कोणीतरी रस्त्यावर मका वाळत घातला होता, रेघेच्या पार आतपर्यंत. साहेब मक्यापाशी आले, थोडे आत वळले, एकही दाणा न तुडवता त्याला वळसा घातला आणि पलीकडे पुन्हा रेघेला लागले. मग बस वळली.